जागेचं व्रत

रेमेई फार्रे चिडलेली असली की डोंगर झपाझप चढते, हे तोर्रेसेकात सगळ्यांना माहीत आहे. आणि ईस्टरच्या सोमवारी ती चिडलेली असतेच. त्या दिवशी अख्खं गाव पाठीला पिशव्या लावून, ईस्टरचा केक फडक्यात बांधून, डोंगर ओलांडून वालफोंदाच्या मठापर्यंत चालत जातं आणि संध्याकाळी परत येतं. हा रिवाज आपण सुरू केला असं गावचं भटकंती मंडळ सांगतं. खरं तर मंडळ जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून आमच्या आज्या-पणज्या ह्याच वाटेने मठातल्या लेकींना भेटायला जात होत्या. मंडळाने फक्त वाटेवरच्या दगडांना रंगाचे पट्टे मारले आणि एक शिट्टी विकत घेतली.

ती शिट्टी इसिद्रेच्या गळ्यात असते. इसिद्रे म्हणजे गावचा निवृत्त पोस्टमन आणि मंडळाचा अध्यक्ष. स्वभावाने गोड, आणि म्हणूनच रेमेईला असह्य. त्या सोमवारी चौकातून निघताना त्याने शिट्टी फुंकली आणि सगळ्यांनी एकत्र चालायचं आहे, असं बजावलं. रेमेई तोवर कारंज्याच्या पलीकडे पोचली होती.

ह्या वर्षी तिच्या रागात भर पडली होती. मठ बंद होणार होता. जिथे सिस्टर्सियन पंथाच्या बायका आठशे वर्षं रोज पहाटे उठून स्तोत्रं गात आल्या, तिथे आता तिघीच उरल्या होत्या. ह्याच आठवड्यात त्यांना गाडीत घालून दूर कास्तिल्याच्या पठारावरच्या एका मोठ्या मठात नेऊन ठेवणार होते. तिथे आमची कातालान भाषा बोलणारं कुणी नाही, ऑलिव्हचं एक झाड नाही, आणि हिवाळा असा की म्हातारं माणूस आलं कधी आणि गेलं कधी कळायचं नाही. त्या तिघींतली एक रेमेईची थोरली बहीण होती, नेउस.

रेमेईने गेल्या आठवड्यात नेउसची जुनी खोली उघडली. भिंतींना चुना लावला, पलंग उन्हात काढला, गादी उसवून आतली लोकर धुतली, वाळवली आणि पुन्हा भरली. कुणी विचारलं तर सांगायची, उंदीर झाले होते. खरं एवढंच होतं की ती बहिणीला घरी आणायला निघाली होती. गोडीने आली तर गोडीने, नाहीतर भांडून. गोडीने काही करायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने भांडणाचीच तयारी ठेवली होती.

नेउस घर सोडून गेली तेव्हा रेमेई बारा वर्षांची होती. ऑलिव्ह झोडपायचे दिवस होते. बाप काठीने फांद्या झोडपत होता आणि रेमेई खाली गुडघ्यांवर बसून जाळ्यावर पडलेली फळं गोळा करत होती. थंडीने बोटं लाल झालेली. संध्याकाळी घरी आली तर नेउसच्या पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली. आई म्हणाली, नेउस मठात गेली, आणि सूप ढवळायला लागली. जाताना नेउसने धाकट्या बहिणीला हाक मारली नव्हती, की शेताकडे वळून आली नव्हती. मठात तिला नवं नाव मिळालं, सिस्टर हुंबेलिना. ते नाव रेमेईने आजवर तोंडातून काढलेलं नाही.

त्यानंतरचं रेमेईचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. घरात दोन मुली होत्या, एक गेली, मग दुसरीची जायची सोयच राहिली नाही. शेजारच्या खोऱ्यातला मार्ती नावाचा एक तरुण तिच्याशी लग्न करायला तयार होता. चांगला उंचापुरा, हाताला कसब, तारागोनाच्या कारखान्यात नोकरी लागलेली. तिने शहरात यावं एवढंच त्याचं म्हणणं. रेमेईने त्याला दोन उन्हाळे थांबवलं. बापाची कंबर धरलेली, आई एकटी, झाडं कुणावर टाकायची? तिसऱ्या उन्हाळ्यात मार्तीने दुसरीशी लग्न केलं. रेमेई त्याच्या लग्नाला गेली, पोटभर जेवली आणि घरी येऊन तिने कोंबड्यांचं खुराडं पाडून नवं बांधलं. राग आला की ती काहीतरी पाडते किंवा बांधते. तिच्या शेतात दगडावर दगड रचलेले बांध आहेत, मातीचा कणही न घालता रचलेले, आणि त्यातले निम्मे नेउसवरच्या रागाचे आहेत.

पण हे सगळं तिने एक वेळ पोटात घातलं असतं. आईचं मात्र नाही.

आई बदाम फुलायच्या दिवसांत गेली. चार दिवस तिला घरघर लागली होती, आणि जरा शुद्ध आली की ती एकच विचारायची, नेउस आली का. रेमेईने मठात फोन केला. तिकडून मठाच्या मुख्य, मदर जेर्त्रुदिस, शांत आवाजात म्हणाल्या, सांगते तिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. डोंगर ओलांडला की घर, आणि सडकेने वळसा घालून यायचं तरी गाडीला अर्धा तास पुष्कळ. रेमेई गार वाऱ्यात दार उघडं टाकून बसली होती. शेवटच्या दिवशी आईने विचारलं तेव्हा ती खोटं बोलली. म्हणाली, आली गं, खाली हात धुतेय. आई त्या हात धुण्याची वाट बघत गेली.

त्या ईस्टरला रेमेईने जाब विचारला तेव्हा नेउस मान खाली घालून एवढंच म्हणाली, "आमचं व्रत जागेचं असतं." ह्या पांढऱ्या झग्यातल्या बायका ज्या मठात पाऊल टाकतात तिथेच मरायची शपथ घेतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेमेईने ते उत्तर तसंच्या तसं गिळलं आणि मग आपला सगळा राग त्या शपथेवर, त्या भिंतींवर, त्या घंटेवर आणि मुख्य म्हणजे मदर जेर्त्रुदिसवर काढला. मठाच्या अंगणात अख्ख्या गावादेखत ती मदरना म्हणाली, "तुमच्या छातीत दगड आहे. तोसुद्धा तुमच्या देवळासारखा, बिननक्षीचा." मदरनी मान लववली आणि त्या गप्प राहिल्या. गप्प राहण्यात त्या बायकांचा हात कोण धरणार. पुढे मदर वारल्या तेव्हा सगळं गाव मातीला गेलं, रेमेई गेली नाही. त्या दिवशी तिने शेताच्या वरच्या अंगाला एक लांबलचक बांध घातला.

मग दर वर्षी एवढा डोंगर तुडवत जायची कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणायची, भांडायला. आणि ते खरंही होतं. मठात गेली की बहिणीसमोर बसून ती झाडांची, पावसाची, गावातल्या मेलेल्यांची बातमी अशा आवाजात सांगायची की जणू सगळी चूक नेउसचीच. नेउस ऐकून घ्यायची. आपलेच दात, आपलेच ओठ. जिच्यावर राग त्याच बहिणीसाठी रेमेई दर वर्षी तेलाची बरणी पाठीवर वाहून न्यायची, आणि पहिल्या घाण्याचं तेल दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

डोंगरमाथ्यावर, पवनचक्क्यांच्या खाली, न्याहारी असते. मंडळाचा हा एकच नियम आजवर कुणी मोडलेला नाही. टोमॅटो चोळलेला पाव, वर तेल, सॉसेज, बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट आणि लांब चोचीच्या काचेच्या भांड्यातून, तोंड न लावता, वरून घशात सोडायची वाइन. त्या दिवशी खाता खाता बोलणं मठावर आलं. बेकरीवाली रोसेर म्हणाली की आता तिथे हॉटेल होणार आहे म्हणे, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर. इसिद्रे म्हणाला, वाईट काय त्यात, निदान भिंती तरी उभ्या राहतील.

"भिंतींना काय धाड भरलीय," रेमेई म्हणाली. "तुझी बायको गेली तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या ना? पोट भरलं त्याने तुझं?"

बोलून गेल्यावर रेमेईलाही ते लागलं, पण माघार घ्यायची रीत तिच्याकडे नव्हती. ती पाव तोडत राहिली. जरा वेळाने इसिद्रे वाइनचं भांडं घेऊन तिच्या शेजारी येऊन बसला.

"तिला आणायला निघालीस ना?"

"कुणी सांगितलं?"

"सहकारी दुकानातून चुना नेलास. उंदरांना चुना लावतात हे मला नवीनच होतं."

रेमेईने भांडं त्याच्या हातातून घेतलं. त्याने विचारलं, ती नाही म्हणाली तर? रेमेई म्हणाली, मी विचारायला चाललेच नाहीये, आणायला चाललेय. मग ती उठली आणि इसिद्रेची शिट्टी वाजायच्या आत उताराला लागली.

वालफोंदा वरून जवळजवळ दिसतच नाही, झाडांमधून एखादी खिडकी तेवढी. ह्या पंथाच्या लोकांनी मठासाठी जागा शोधली ती नेहमी अशीच, खोलगट, ओढ्याकाठची, जगाच्या नजरेआडची. शेवटच्या वळणावर आलं की एकदम सुरूची झाडं, कौलं आणि आठ कोनांचा मनोरा समोर उभा राहतो. त्या दिवशी अंगणात शहरातून चालत आलेल्यांची गर्दी होती. भडक रंगाचे कपडे, हातात दोन दोन काठ्या, जसं काही हिमालय चढून आलेत. एक वाटाड्या मुलगी त्यांना सांगत होती की आता सगळ्यांनी डोळे मिटून इथली शांतता अनुभवायची आहे. त्यांनी डोळे मिटले. रेमेई आपल्या खिळ्यांच्या बुटांनी फरशी वाजवत त्यांच्या मधून भेटीच्या खोलीकडे गेली. शांतता अनुभवायची तर ह्यांनी एखाद्या रिकाम्या घरात पंचवीस वर्षं एकटं जेवून बघावं, असं तिला त्या पोरीला सांगायचं होतं.

भेटीच्या खोलीत पूर्वी लोखंडी जाळी होती. ती काढून खूप वर्षं झाली, आता मध्ये एक साधं लाकडी टेबल असतं. रेमेई त्याच्या अलीकडे बसली. आतलं दार उघडलं आणि नेउस आली. ऐंशीची झालेली, आधीच लहानखुरी, आता तर झग्यात शोधावी लागेल अशी. तिच्या बाहीचं टोक धरून मागून सिस्टर एउलालिया येत होत्या. नव्वदीच्या, दोन्ही डोळ्यांनी पार आंधळ्या. नजर गेल्यापासून त्या नेउसची बाही धरूनच मठभर फिरतात, देवळात, जेवणघरात, बागेत. तिसरी सिस्टर आत खोकी बांधत होती. नेउसने एउलालियाबाईंना खुर्चीत बसवलं, गळ्याखाली फडकं बांधलं, रेमेईने आणलेल्या केकचे बारीक तुकडे केले आणि एकेक तुकडा त्यांच्या तोंडात घालायला लागली.

"गुरुवारी नेणार?" रेमेईने विचारलं.

"गुरुवारी सकाळी."

"आणि तू मुकाट्याने जाणार."

"पाठवतील तिथे जायचं, मेई. आज्ञा पाळायचंही व्रत असतं."

हे ऐकलं आणि रेमेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटभर जुळवत आणलेलं सगळं बोलणं बाजूला राहिलं.

"तुझं व्रत तर जागेचं होतं ना? आई मरत होती तेव्हा जागा सोडता येत नव्हती. डोंगर ओलांडून यायला जागा आडवी आली. आणि आता स्पेनच्या दुसऱ्या टोकाला जाताना कुठे गेली ती जागा? खोक्यात भरून नेणार आहेस?"

नेउसने एउलालियाबाईंच्या हनुवटीवरचा चुरा पुसला.

"व्रत तू घेतलंस, नेउस. पाळलं मी. मी हलले का कुठे एक दिवस तरी? मार्ती बोलावत होता तेव्हा मी म्हटलं, माझी जागा इथे आहे. मला कुणी पांढरा झगा नाही दिला, माझ्यासाठी कुणी घंटा नाही वाजवली. तिकीट काढून मला बघायला कुणी आलं नाही. मी राहिले म्हणून तुला घर सोडून देवाकडे जाता आलं, एवढं तरी कधी मनात आलं का तुझ्या?"

"रोज येतं," नेउस म्हणाली.

हे असं एका दमात कबूल होईल असं रेमेईला वाटलं नव्हतं. तिने घसा खाकरला आणि मग ज्यासाठी आली होती ते सांगून टाकलं. खोली तयार आहे, चुना लावलाय, गादीची लोकर धुतलीय. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, डोंगर झेपत नसेल तर रोसेरचा मुलगा गाडी घेऊन येईल. वरच्यांची परवानगी लागत असेल तर मी बोलते त्यांच्याशी. सांगते त्यांना, हिच्या आईसाठी हिला सोडलं नाहीत, आता तरी सोडा.

"सोडलं होतं," नेउस म्हणाली.

"काय?"

"मदरनी सोडलं होतं. तुझा पहिला फोन आला त्याच दिवशी. पलीकडच्या गावातून गाडी बोलावून दाराशी उभी केली होती. माझा कोट त्यांनी स्वतः आणून दिला. म्हणाल्या, जा, लागतील तितके दिवस राहा. मीच गेले नाही."

एउलालियाबाई केक चघळत होत्या. त्यांच्या चघळण्याचा आवाज तेवढा खोलीत होता.

"का?" रेमेईने विचारलं.

"आले असते तर परत आले नसते." नेउसने हात टेबलावर ठेवले आणि पहिल्यांदाच बहिणीकडे सरळ बघितलं. "तुला वाटतं मी घर विसरले. दर ईस्टरला तुम्ही डोंगर चढून परत जायचात ना, मी वरच्या खिडकीतून बघायची. शेवटचा माणूस माथ्याआड जाईपर्यंत. आणि मग आठवडाभर गाताना माझा आवाज फुटायचा नाही. आईच्या हाताला हात लावला असता तर इथलं सगळं संपलं असतं माझं. मी घाबरले, मेई. व्रताने मला थांबवलं नव्हतं. मी व्रताच्या मागे लपले."

"आणि मदर? मी त्यांना सगळ्या गावासमोर काय काय बोलले."

"त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या बहिणीला खरं सांगू का. मी नको म्हटलं. म्हणाल्या, बरं, मग शिव्या माझ्या वाट्याला."

रेमेई उठली. उठताना खुर्ची मागे पडली. एउलालियाबाईंनी दचकून विचारलं, कोण पडलं, आणि नेउस म्हणाली, कुणी नाही, खुर्ची. रेमेईने ती उचललीसुद्धा नाही.

ती बाहेर आली आणि देवळाला वळसा घालून मागे सिस्टरांच्या दफनभूमीत गेली. तिथे थडगी नाहीत, नुसते मातीचे उंचवटे आणि लोखंडी क्रूस. मदर जेर्त्रुदिसचा क्रूस तिने शोधून काढला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. इतकी वर्षं वड्याचं तेल वांग्यावर काढलं होतं. माफी मागायला हवी हे तिला कळत होतं, पण आयुष्यात कधी मागितलेली नव्हती, कुठून सुरुवात करतात तेही ठाऊक नव्हतं. उलट तिला ह्या बाईचाही रागच आला. हिने एकदा तरी उलट बोलायचं होतं. एकदा तरी म्हणायचं होतं, गप बस, तुझ्या बहिणीला विचार. पण नाही, ह्या मोठ्या मनाच्या बायका दुसऱ्याची पापं अंगावर घेणार आणि समोरच्याला जन्मभर मूर्ख बनवून ठेवणार. रेमेई खाली वाकली आणि त्या उंचवट्यावर माजलेलं गवत दोन्ही हातांनी उपटायला लागली. मुळासकट उपटत होती, आणि उपटता उपटता रडत होती, आणि रडू येतंय म्हणून आणखी चिडत होती.

परतीच्या वाटेवर इसिद्रेने शिट्टी वाजवली नाही. तिच्याबरोबर कुणी आलेलं नाही हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे विचारायचं काही उरलं नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर सगळे दम खायला थांबले. रेमेई मठाकडे पाठ करून उभी राहिली. खाली मठाच्या त्या खिडकीतून कुणीतरी बघत असणार हे आता तिला ठाऊक होतं, आणि आपलं तोंड त्या खिडकीला दिसू द्यायची तिची तयारी नव्हती.

मंगळवारी तिने तो लांबलचक बांध पाडायला घेतला, मदरच्या मातीच्या दिवशी घातलेला. निम्मा पाडून झाल्यावर लक्षात आलं की हा गेला तर पहिल्याच मुसळधार पावसात वरची माती वाहून जाईल. बुधवारी तिने तो शिव्या घालत पुन्हा रचला. शिव्या नेमक्या कुणाला घालायच्या हे काही तिचं ठरत नव्हतं. पूर्वी बरं होतं. पूर्वी एक भिंत होती, एक घंटा होती, एक दगडी काळजाची मदर होती. आता सगळं जाऊन समोर एक घाबरलेली बहीण उरली होती, आणि घाबरलेल्या माणसावर रागावणं तिला जड जात होतं. तरी ती रागावलीच. नेउस आली का विचारणाऱ्या आईला एवढं कळलं असतं की लेक येत नाही ती प्रेमापोटी घाबरून, तर बरं वाटलं असतं का तिला? रेमेईला वाटलं, नसतं. मरणाऱ्या माणसाला कारणं नको असतात, माणूस हवं असतं.

गुरुवारी ती पहाटेच निघाली, एकटी. नेउस पहिल्यांदा गेली ती न सांगता. ह्या खेपेला ती जाताना आपण डोळ्यांनी बघायचं, एवढंच तिने स्वतःला सांगितलं. आणायचा विषय संपला होता.

अंगणात पांढरी गाडी उभी होती. मागे खोकी भरलेली, ड्रायव्हर बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता. तिसरी सिस्टर पुढच्या सीटवर बसून समोर बघत होती. एउलालियाबाईंना मागे खिडकीशी बसवलं होतं, पट्टा बांधून, मांडीवर घोंगडी घालून. नेउस सगळ्यात शेवटी आली. अंगावर जुना काळा कोट. तिने एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला, तेवढ्यात तिला भिंतीशी उभी असलेली रेमेई दिसली.

तिने पाय खाली घेतला.

"मेई," ती म्हणाली, "खोली आहे का अजून?"

बाराव्या वर्षापासून हेच एक वाक्य रेमेईला ऐकायचं होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं. ड्रायव्हर फोन ठेवून घड्याळ बघायला लागला होता, खोकी काय, गेली असती त्यांची ती. पण गाडीच्या आत एउलालियाबाईंचा हात शेजारच्या रिकाम्या सीटवर फिरत होता. आधी सावकाश फिरला, मग भराभर, सीटच्या कडेपर्यंत जाऊन परत यायला लागला. तोंडाने त्या काहीच म्हणत नव्हत्या. नुसता हात बाही शोधत होता.

"खोली आहे," रेमेई म्हणाली. "तू आत बस."

"मला भीती वाटतेय गं. तिथे आपली भाषासुद्धा कुणी बोलत नाही."

"ही बोलते ना? हिच्याशी बोल." रेमेई जवळ आली आणि तिने नेउसचा दंड धरला. कोटाच्या आत काहीच नव्हतं, नुसतं हाड. "एका म्हातारीला वाट बघायला लावलीस. दुसरीला लावायची नाही. कळलं? ही आहे तोवर हिच्यापाशी राहायचं. ही गेली की मला फोन कर, मी न्यायला येईन. मला कुणाची परवानगी लागत नाही."

"आणि तोवर तू..."

"मी मरत नाही एवढ्यात. बस आत."

नेउस पायरीवर चढली. चढताना तिचा तोल गेला तेव्हा रेमेईने तिला कमरेला धरून आत ढकललं, पोतं ढकलावं तसं. एउलालियाबाईंच्या हाताला बाही सापडली आणि त्यांनी ती घट्ट धरली. दार रेमेईने स्वतः लावलं, इतक्या जोरात की ड्रायव्हरने वळून बघितलं. गाडी अंगणातून निघाली, सुरूच्या झाडांखालून सडकेला लागली, आणि ती वळणाआड जाईपर्यंत रेमेई तिथेच उभी राहून मोठमोठ्याने नेउसला शिव्या घालत होती.